दाणा सुटू नये, दागिना सुटावा : बाळासाठी घरच्या घरी हलव्याचे दागिने

आमच्या थोरलीचं बोरन्हाण झालं तेव्हा ती आठ महिन्यांची होती. बाजारातला हलवा, सोनेरी कागद, पुठ्ठा आणि डिंकाची बाटली घेऊन मी रात्र जागून मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या असा सगळा साज केला. दिसायला देखणा झाला होता. दुसऱ्या दिवशी काळं झबलं घालून तिला पाटावर बसवलं, दागिने चढवले, आणि फोटो काढणारे भाऊजी "इकडं बघ, इकडं बघ" म्हणेपर्यंत उजवी मनगटी तोंडात गेलीसुद्धा. लाळेनं डिंक सुटला, सोनेरी कागदाचा रंग हनुवटीवर ओघळला, आणि जाऊबाईंनी तोंड उघडून पाहिलं तर जिभेच्या शेंड्यावर हलव्याचा दाणा! अगदी समोर होता म्हणून चिमटीत निघाला.

त्यानंतर घरात तीन बोरन्हाणं झाली : धाकट्याचं, जावेच्या मुलीचं आणि नणंदेच्या मुलाचं. दागिने दर वेळी मीच केले, पण पद्धत पार बदलली. दाणा दोऱ्यातून काही केल्या सुटता कामा नये, आणि अख्खा दागिना मात्र जरासा ओढला की अंगावरून निघून यायला हवा. विकतच्या दागिन्यांत बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं. दाणे डिंकावर टेकवलेले, आणि मागं नायलॉनची पक्की गाठ.

आम्ही अमळनेरला राहतो. इथं काय किंवा धुळे-जळगावकडं काय, जानेवारीतली थंडी कोरडी असते. धुळ्याचा पारा तर काही वर्षी सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. हलव्याला काटा, म्हणजे दाण्यावर साखरेची बारीक टोकं, यायला अशीच हवा लागते, त्यामुळे खान्देशातल्या माणसानं विकतच्या हलव्यावर भागवावं हे मला पटत नाही. वेळ नसेल तर विकतचा पाव किलो हलवा आणा आणि ओवण्याच्या भागाकडे वळा. एका बाळाला तेवढा पुरून उरतो. पण एकदा तरी घरी करून बघा.

आधी वय बघा, मग दागिने ठरवा

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे १४-१५ जानेवारीलाच झालं पाहिजे अशी घाई नाही. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत करतात, पण हौस असते ती पहिल्या वर्षाची. गोम इथंच आहे, कारण दिसेल ते तोंडात घालण्याचं वयही नेमकं हेच.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी घेताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात. दाब न देता जी वस्तू त्यात पूर्ण मावते, ती गळ्यात अडकू शकते असं धरतात. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. म्हणजे नाण्याहून थोडी मोठी वस्तूसुद्धा धोक्याची ठरते. मग हलव्याचा दाणा, टिकली, मणी, खडा हे तर सगळं त्यात आलंच. गळ्यातल्या माळेचं आणखी वेगळं. दात येताना बाळाच्या गळ्यात मण्यांची माळ घालण्याची टूम मधे आली होती. अशा माळांनी श्वास कोंडण्याचा आणि मणी घशात अडकण्याचा धोका असतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ साली दिला होता. आपला हार साखरेचा असला तरी दोरा तो दोराच.

म्हणून माझी वाटणी अशी. सहा महिन्यांच्या आतलं, अजून न बसणारं बाळ असेल तर फक्त मुकुट आणि कंबरपट्टा. सहा महिने ते दीड वर्ष या वयात हार गळ्यात घालायचाच नाही, तो काळ्या गळपट्टीवर शिवायचा. मनगट्यांऐवजी बाजूबंद करायचे आणि पैंजण मोज्यांवर टाकायचे. दीड वर्षाच्या पुढं हार सुटा चालेल, पण मागं लगेच उघडणारा. तीनच्या पुढच्या मुलांना "हे खायचं नाही" हे कळतं असं म्हणतात. आमच्या धाकट्याला साडेतीन वर्षांचा असतानाही कळत नव्हतं, तर तुमचं तुम्ही बघा.

कानातले मात्र कुठल्याच वयात कानात घालू नका. कर्णफुलं मुकुटाच्या दोन्ही बाजूंना टाचून लोंबती सोडली की फोटोत कानातच वाटतात.

हलवा : चार दिवसांचं काम

साहित्य फार नाही. अर्धी वाटी बारीक साबुदाणा, तीन वाट्या साखर, दीड वाटी पाणी, दोन चमचे दूध. दागिन्याला साबुदाण्याचा हलवा बरा, कारण दाणे गोल आणि साधारण एका मापाचे येतात. थोडा नाजूक हलवा हवा असेल तर दोन चमचे पांढरे तीळ किंवा खसखस घेऊन वेगळी परात लावा. शेंगदाणा, डाळं, लवंग यांचा हलवा मोठ्यांच्या वाटीत शोभतो. बाळाच्या अंगावर तो नको. वर्षाच्या मुलाला अख्खा शेंगदाणा घातकच.

साबुदाणा कोरडाच, मंद आचेवर, हाताला गरम लागेपर्यंत भाजून गार करा. लाल करायचा नाही.

साखर आणि पाणी एकत्र उकळत ठेवा. उकळी आली की दूध घाला, म्हणजे साखरेतली मळी दुधाच्या साक्यासोबत वर येते. ती झाऱ्यानं काढा आणि पाक पातळ फडक्यातून गाळा. हे काम आळसानं टाळलं की हलवा पिवळट होतो. गाळलेला पाक पुन्हा उकळा. बोट आणि अंगठ्यामध्ये धरल्यावर तार येते-न येते इतकाच तो हवा; पक्की एकतारी झाली तर पुढं दाण्यांचे गोळे होतात. लिंबू पिळू नका. पाक आळू नये म्हणून मिठाईत लिंबू घालतात हे खरं, पण इथं आपल्याला साखर दाण्यावर आळायलाच हवी आहे. शिवाय आंबटाच्या पाकातला हलवा लवकर पाणी धरतो.

आता परात. जड बुडाची स्टीलची किंवा कल्हईची पितळी. पूर्वी निखाऱ्यांच्या शेगडीवर करायचे. गॅसवर करायचं तर सगळ्यात बारीक ज्योतीवर जाड तवा ठेवा आणि त्यावर परात. परातीत हात टेकवून पाच आकडे मोजता आले पाहिजेत. त्याआधीच हात मागं घ्यावा लागला तर आच जास्त आहे. पाकाचं भांडं शेजारी गरम पाण्यात ठेवा, म्हणजे तो कोमट राहतो. मधेच पाकात साखरेची कणी धरली तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा उकळी काढायची.

साबुदाणा परातीत पसरा आणि त्यावर अर्धा चमचा पाक सोडा. अर्धाच. एकदा पाक सोडून दाणे मोकळे होईपर्यंत फिरवले की एक हात झाला. पहिले आठ-दहा हात साबुदाण्याला पाणी सोसत नाही. पाक जास्त झाला की तो फुगून चिकट होतो. लगेच बोटांच्या टोकांनी दाणे गोल-गोल फिरवायला लागा. आधी दाणे हाताला चिकटतात, मग परातीला चिकटतात, मग एकदम मोकळे होऊन खुळखुळ वाजू लागतात. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. एका हाताला चार-पाच मिनिटं लागतात. बोटं भाजतात, त्यासाठी जुन्या सुती मोज्याची बोटं कापून आपल्या बोटांवर चढवा. सासूबाई मलमलीच्या चिंध्या बांधत.

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस हात झाले की थांबा. दाणे चुना लावल्यासारखे पांढरट दिसतील, काटा काहीच नसेल. परात पातळ फडक्यानं झाकून रात्रभर थंडीत ठेवा. डबाबंद करू नका. दुसऱ्या दिवशी एक पूर्ण चमचा पाक चालतो. आता दाण्यांवर खडबडीतपणा दिसू लागतो. परातीत साखरेचा भुगा साचतो, तो दर दहा-बारा हातांनी चाळून काढा आणि परात कोरड्या फडक्यानं पुसा. हे कुणी सांगत नाही, आणि मग "आमच्या हलव्याला काटाच येत नाही" म्हणून रडत बसतात. भुगा दाण्यांना चिकटून सगळे खाचखळगे भरतो आणि दाणा गुळगुळीत होतो. पाक थोडा आणि आच मंद असली, हवा कोरडी असली की साखर आधीच वर आलेल्या टोकांवर चढत जाते, तोच काटा.

तिसऱ्या दिवशी हात एकदम हलका करायचा. पहिल्या वर्षी मी पोळ्या लाटाव्यात तशा जोरानं दाणे फिरवत होते. सासूबाई शेजारी बसून तीळ निवडत होत्या. एवढंच म्हणाल्या, "धीरे हात फिराव व माय, काटा तुटी जाई." मग स्वतः येऊन दाखवलं. बोटं दाण्यांवर टेकवायची नाहीत, दाण्यांखालून परातीला घासत न्यायची आणि दाणे आपोआप घरंगळू द्यायचे. तेव्हापासून काटा आला.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत आटपतं. ढगाळ हवा आली तर तेवढा दिवस काम थांबवा, हट्ट करू नका. रंग घालू नका. काळ्या कापडावर पांढराशुभ्र हलवा, हेच या दागिन्याचं रूप आहे. शिवाय लाळेबरोबर रंग उतरतो तो वेगळाच.

तयार हलवा उन्हात तासभर ठेवून काचेच्या बरणीत भरा. बरणीत भाजून गार केलेल्या तांदळाची छोटी पुरचुंडी टाकली की दमटपणा धरत नाही. मुंग्यांचं काय करायचं ते खान्देशातल्या बाईला मी काय सांगू. बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा.

ओवणं म्हणजे गाठणं

हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, सुई घातली की तो फुटतो. दाणा दोऱ्यात गाठतात, आणि काट्यांमुळे दोरा जागच्या जागी धरून राहतो. गुळगुळीत हलव्याचे दागिने होत नाहीत ते यामुळंच.

दोरा क्रोशाचा, पांढरा, सुती. शिलाईचा दोरा बारीक असल्यानं काट्यात रुततो आणि दाणा चिरतो. नायलॉनचा दोरा किंवा मासे धरायची तंगूस अजिबात नको. ती तुटत नाही, आणि बाळाच्या बोटाला वेढा बसला तर रक्त थांबतं. बोटाला केस किंवा दोरा गुंडाळला जाऊन सूज आल्याच्या गोष्टी बालरोगतज्ज्ञांकडं नेहमीच्या आहेत. कुठल्याही दागिन्याला सुटं टोक लोंबत ठेवायचं नाही, ते यासाठी.

दीड हात दोरा घेऊन दुमडा. दुमडीचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवा, किंवा खिडकीच्या कडीला. दोन पदर हातात येतील. त्यांच्या मधे दाणा धरा, पदर दाण्याच्या पुढं एकमेकांवरून फिरवा आणि एक साधी गाठ दाण्याला भिडेपर्यंत सरकवा. करकचून आवळू नका, काट्यांत बसल्याचं बोटाला जाणवतं. आता दोन्ही पदर उलटे फिरवून तिथंच दुसरी गाठ. मग पुढचा दाणा. या दुसऱ्या गाठीनं प्रत्येक दाणा आपापल्या कोठडीत बंद होतो. दोरा एका ठिकाणी तुटला तरी बाकीचे दाणे सांडत नाहीत. विकतच्या दागिन्यांत ही दुसरी गाठ कुणी मारत नाही, वेळ दुप्पट लागतो ना.

पहिली वीत तुमची वाकडीतिकडी येईल. ती सरावाची समजून खाऊन टाका.

सर पूर्ण झाली की बोटाच्या टोकानं प्रत्येक गाठीवर पाकाचा ठिपका लावा आणि तासभर वाळवा. मग परीक्षा : सर दोन्ही हातांत धरून कपडा झटकतात तशी तीनदा झटका. जो दाणा पडायचा तो आत्ताच पडू दे.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रत्येक दागिन्याच्या मागं पेन्सिलीनं दाण्यांची संख्या लिहा. कंबरपट्टा ६४, गळपट्टी ७२, असं. समारंभ संपला की मोजायचं. घरच्यांनी मला सुरुवातीला वेड्यात काढलं होतं.

माप

बाळ झोपलेलं असताना दोऱ्यानं माप घ्यायला मी निघाले, तर आजेसासूबाईंनी हात धरला. झोपल्या लेकराला मापू नये म्हणाल्या. वाद न घालता मी टोपडं, झबलं आणि मोजे घेतले आणि त्यांचीच मापं काढली. खरं तर हीच पद्धत सोयीची, बाळ हलत नाही. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंटीमीटर असतो. मुकुटाला दोन बोटं ढिलाई ठेवा. दंडाला आणि कमरेला एक बोट सहज सरकेल इतकी.

एकेक दागिना

कंबरपट्टा आधी करा. सगळ्यात सोपा, सगळ्यात उठून दिसणारा आणि बाळाच्या तोंडापासून सगळ्यात लांब. तीन बोटं रुंद काळ्या पॉपलीनची दुहेरी पट्टी घ्या, त्यावर हलव्याच्या दोन सरी समांतर ठेवा आणि दर दोन दाण्यांमधल्या गाठीवर टाका घाला. मधोमध एक फूल : सात दाण्यांचं कडं, आत एक दाणा. तीळ-हलवा केला असेल तर फुलाखालून त्याचे तीन झुबके सोडा, पण बोटाच्या पेराहून लांब नकोत. मागं बंद नको. वेल्क्रोचा, म्हणजे बुटांना असते त्या चिकटपट्टीचा, एक सेंटीमीटरचा चौकोन दोन्ही टोकांना शिवा. मोठा तुकडा लावलात तर तो घट्ट धरतो आणि ओढून निघत नाही. किती धरतो ते बघायचं असेल तर दागिना खिळ्याला अडकवून खालच्या बाजूला अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली टांगा. वेल्क्रो सुटून बाटली खाली आली पाहिजे. खाली उशी ठेवायला विसरू नका, आमची फरशी ओली झाली होती.

हाराची गळपट्टी तशीच. लाळेरं असतं त्या आकाराचं काळं कापड, त्यावर अर्धचंद्रासारख्या तीन ते पाच सरी, सगळ्यात खालच्या सरीला मधे पदक. लांबून पाहणाऱ्याला मोहनमाळ दिसते, प्रत्यक्षात बाळाच्या गळ्याभोवती दोरा नाहीच. मागं पुन्हा तोच वेल्क्रो. वरच्या काठापासून दोन बोटं जागा मोकळी ठेवा, कारण हनुवटी तिथंच टेकते आणि लाळ तिथंच गळते.

बाजूबंदासाठी मी पुठ्ठा वापरणं सोडलं. ओला झाला की त्याचा लगदा होतो आणि तो लगदाही मुलं खातात. सासूबाईंचं माहेर यावल तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. फुलवाले हार बांधायला केळीच्या खोडाच्या सोपटाचा दोर वापरतात, हे तिथं कुणालाही माहीत. त्यांनी एकदा पोत्यात भरून सोपटं आणली होती. बाहेरची खराब पानं टाकून आतलं स्वच्छ सोपट धुतलं, दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या, पाट्याखाली दाबून तीन दिवस उन्हात वाळवल्या. हलक्या, लवचिक, टोचत नाहीत, आणि ओल्या झाल्या तरी टिकतात. त्यावर काळ्या सुती कापडाची खोळ शिवा आणि खोळीवर हलव्याची सर. ज्यांच्याकडं केळीची बाग नाही त्यांनी जुन्या जीन्सचं दुहेरी कापड घ्यावं. तार कुठंच नको, गुंडाळलेली असली तरी तिचं टोक कधी ना कधी बाहेर येतं.

मुकुटाला मात्र ताठपणा लागतो. त्याला जुनी लग्नपत्रिका घ्या, जाड हवी. खान्देशात लग्नपत्रिकांना काय तोटा! पत्रिकेवरची सोनेरी छपाई आतल्या बाजूला येईल अशी कापा, वर काळं किंवा लाल कापड खळीनं चिकटवा. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेली, शाळेत करायचो ती. समोर पानाचा आकार, मधे उंच, बाजूंना उतरता. कडेनं एक सर, मधे फूल, पानाच्या टोकाला एकच मोठा दाणा. फुलाखाली भांगेतल्या बिंदीसारखी चार दाण्यांची लड सोडली तर फार गोड दिसते, मात्र ती भुवयांच्या वर थांबली पाहिजे. मुकुट डोक्याला बांधायचा नाही. टोपड्यावर दोन टाक्यांनी धरून टाकायचा, म्हणजे टोपडं काढलं की सगळं एकदम निघतं.

पैंजण : काळे मोजे, घोट्यावर एक सर टाचलेली. संपलं.

मुलगा असला की बासरी हवीच असते. काडीला हलवा गुंडाळलेली बासरी हातात दिली की ती तोंडात नाही तर डोळ्यात जाते. नणंदेच्या मुलाला मी कापडाची गुंडाळी करून तिच्यावर हलव्याची सर शिवली आणि ती कंबरपट्ट्यात पाठीकडून तिरकी टाचली. कृष्ण झालाच. हल्ली हलव्याचा मोबाईल, हलव्याचं घड्याळ असंही लोक करतात. करोत.

टिकल्या, खडे, जर, चमकी यांबद्दल एकच सांगते : लावू नका. चमकी डोळ्यात जाते, खडा सुटतो, आणि स्वस्तातल्या धातूच्या मण्यांत शिसं असू शकतं. मुळात हलवा असताना चमकायला आणखी काही कशाला हवं?

त्या दिवशी

बाळाची झोप झालेली आणि पोट भरलेलं हवं, म्हणजे साधारण दुपारी चार-साडेचार. दागिने शेवटच्या क्षणी घाला. आधी औक्षण, मग फोटो, आणि त्यानंतर गळपट्टी आणि बाजूबंद काढून घ्या. बोरन्हाण घालताना अंगावर मुकुट आणि कंबरपट्टा एवढंच असू द्या, कारण त्यानंतर लेकरांची जी झुंबड उडते त्यात कोण काय ओढतं ते कळत नाही. दागिने घातल्यापासून काढेपर्यंत एका माणसानं फक्त बाळाच्या तोंडाकडं बघत बसायचं. त्या माणसाला वाण वाटायला पाठवायचं नाही, चहा करायला उठवायचं नाही. दागिने अंगावर असताना बाळ पेंगायला लागलं तर फोटो राहू देत, आधी दागिने उतरवा.

डोक्यावरून घालायच्या पदार्थांचंही बघा. मेहरूणची बोरं जळगावची शान, पण बियांसकट घरंगळत जाऊन कुठं थांबतील सांगता येत नाही. हरभऱ्याचे घाटे, शेंगदाणे, गोळ्या यांचंही तेच. आमच्याकडं आता बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे आणि मोठे बत्तासे, तेही वीतभर उंचीवरून ओतले जातात. बोरं, उसाचे करवे आणि शेंगा शेजारच्या परातीत, मोठ्या मुलांना लुटायला. चुरमुराही लहानच असतो, म्हणून पाटाखाली अंथरलेली चादर चारी टोकांनी लगेच उचलून न्यायची.

तरीही काही अडकलंच तर : मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीवर खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा, आणि हे आलटून पालटून चालू ठेवा. कुणाला तरी १०८ लावायला सांगा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

दागिने पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात साखर पाझरते, कापडाला डाग पडतात, झुरळं येतात. हलव्याच्या सरी काढून टाका आणि गळपट्टी, मोजे, सोपटाचे बाजूबंद धुऊन ठेवा. पुढच्या बाळाला नवीन सरी शिवता येतात. आमचा कंबरपट्टा तीन लेकरांनी घातला आहे. होळीला बाजारात साखरेचे हार-कंगण येतात ते वेगळे. ते लाकडी साच्यात पाक ओतून करतात, आणि त्यांना मी हात लावत नाही, ते विकतच घ्यावेत.

मोजणीचं सांगायचं राहिलं. जावेच्या मुलीचं बोरन्हाण झालं, पाहुणे गेले, आणि मी दागिने घेऊन मोजायला बसले. गळपट्टी बरोबर, बाजूबंद बरोबर, मोजे बरोबर. कंबरपट्टा ६४ च्या जागी ६३. फुलातला मधला दाणा गायब. चादर झटकली, पाट उचलला, दिवाणखाली बॅटरी मारली, भाऊजींनी तर केराची सुपली पालथी केली. बाळाचं तोंड दोनदा बघून झालं. ती खुशाल हसत होती. जाऊबाईंचा चेहरा रडवेला झाला, मी फोन हातात घेऊन डॉक्टरांचा नंबर शोधत होते, तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरून आजेसासूबाईंचा आवाज आला. ब्याण्णव वर्षांच्या, तोंडात दोन दाढा. कंबरपट्टा बघायला म्हणून त्यांनी मघाशी मागून घेतला होता, हे आमच्या कुणाच्या लक्षातच नव्हतं.

गालात काहीतरी इकडून तिकडे फिरवत त्या म्हणाल्या, "गाठ पक्की व्हती व माय. पन गोड शे."